कुंडाळ्याबाहेरचा कोट

मी जन्माची भित्री. दाराची कडी जरा वाजली तरी मी दचकते. माझा नवरा म्हणतो, "भित्यापाठी ब्रह्मराक्षस, आणि तुझ्यामागे तर त्यांची अख्खी पलटण." अशा बाईच्या नशिबी शेजार कोणाचा यावा? तर मेलेल्यांचे कपडे करणाऱ्या बाईचा. उत्तर वेशीजवळ आमचं टोफूचं दुकान आणि यिनहुआ वहिनींचं कागदाचं दुकान, मध्ये एकच भिंत. तिकडे कात्री चालली की इकडे मला ऐकू येई.

वहिनी बुटक्या, रुंद, नखांत कायम खळ वाळलेली. वर्षभर त्या मयताला लागणारी कागदाची घरं, घोडे, पेट्या करत. पण खरा हंगाम नवव्या महिन्यात. दहाव्या महिन्याच्या पहिल्या दिवशी आमच्याकडे घराघरातून आपापल्या मेलेल्यांना थंडीचे कपडे जाळून पाठवतात. कोट, विजार, जोडे, रजई, सगळं रंगीत कागदाचं. गावात आणखी दोघे-तिघे हे काम करायचे, पण कागदाच्या दोन थरांमध्ये खरा कापूस फक्त वहिनी घालायच्या.

"नुसता कागद पाठवायचा आणि वर विचारायचं, बाबा, गार नाही ना लागत? लाज नाही वाटत?" असं त्या गिऱ्हाइकाला तोंडावर सुनवायच्या. प्रत्येकाच्या मेलेल्याचं माप त्यांच्या डोक्यात. एकदा एकजण घाईघाईनं कोट उचलून निघाला, तर त्याला परत बोलावलं. "तुझे सासरे ढेरपोटे होते. या कोटाची बटणं त्यांना लागतील का?"

"अहो वहिनी, बारा वर्षं झाली जाऊन. आता वाळले असतील."

"माझे कपडे घालून कोणी वाळत नाही," वहिनी म्हणाल्या आणि मोठा कोट हातात दिला.

कागद जाळायची रीत सुरू कशी झाली, ते त्या हसत हसत सांगायच्या. कोणा कागदवाल्याचा कागद इतका भिकार निघाला की खपेना. त्याच्या बायकोनं मेल्याचं सोंग घेतलं आणि जाऊन शवपेटीत पडली. नवरा रडतोय आणि पेटीसमोर कागदाचे गठ्ठे जाळतोय. गाव जमल्यावर बाई आतून ओरडली, "उघडा! त्या कागदाचे तिकडे पैसे झाले, ते यमाला चारून सुटून आले!" दुसऱ्या दिवशी दुकानात कागदाचा कपटा उरला नाही. तो दिवस म्हणे हाच, दहाव्या महिन्याचा पहिला. "आमच्या धंद्याचं मूळ एका लबाड बाईत आहे, लामेई," असं म्हणून वहिनी मला कोपर मारायच्या.

या दिवसाची दुसरी गोष्ट तर पोराटोरांना पाठ आहे. राजानं भिंत बांधायला नवऱ्याला धरून नेलं. थंडी पडल्यावर बायको जाड कपडे पाठीवर बांधून चालत निघाली, आणि पोचली तेव्हा नवरा त्या भिंतीतच गाडलेला. तिच्या रडण्यानं भिंत कोसळली आणि आणलेले कपडे तिनं तिथेच जाळले. ही गोष्ट वहिनी सांगत नसत. "रडकी आहे," म्हणायच्या. पुढे मग आम्हीही कोणी त्यांच्यासमोर ती काढली नाही.

वहिनींचे पहिले दोन मुलगे तान्हे असतानाच गेले. तिसरा झाला तेव्हा त्याचं नाव शुआनहू ठेवलं, म्हणजे बांधून ठेवलेला वाघ. बांधलेल्याला कोण उचलून नेणार? नवराही लवकर वारला, पण वाघ टिकला. पोरवयात तो आमच्याच टोफूची कावड घेऊन गल्ल्या फिरायचा. त्यानं त्याचा डावा खांदा उतरता झाला तो कायमचा. लग्न झालं, हेशिआंगसारखी कामसू बायको मिळाली, आणि पुढच्याच वसंतात तो एका मुकादमाबरोबर डोंगरापलीकडच्या खाजगी कोळशाच्या खाणीवर गेला.

गल्लीतला फोन आमच्या दुकानात. तो फोन करायचा, मी भिंतीवर थाप मारायची, की सासूसुना धावत यायच्या. नवव्या महिन्यात एकदा फोन आला. वहिनींनी फोन कानाला इतका घट्ट लावला होता की हेशिआंगला काही ऐकू येईना.

"काय म्हणाला?" तिनं विचारलं.

"थंडी फार आहे म्हणाला. जाड कोट पाठव म्हणाला. पत्ता पुढच्या वेळी सांगतो."

हेशिआंगनं त्याच दुपारी कापड बेतलं. कोट झाला, घडी घालून ठेवला. फोन काही पुन्हा वाजला नाही.

माझा नवरा आणि हेशिआंग शोधायला गेले. खाणीचं तोंड दगडांनी बुजवलेलं, झोपड्या रिकाम्या. कोणी म्हणे आत पाणी घुसलं, कोणी म्हणे सरकारनं बंद केली आणि माणसं दुसऱ्या खाणीवर गेली. मुकादमाचा फोन बंद. पोलिसांनी नाव लिहून घेतलं आणि चहा पाजला. मेला म्हणावं तर प्रेत नाही, जिवंत म्हणावं तर आवाज नाही. फोन दुसऱ्या कोणाचा आला तरी पलीकडची कात्री थांबायची. मी भिंतीवर थाप मारली नाही, की मग सावकाश पुन्हा सुरू व्हायची. ते ऐकून मला फोनचीच धास्ती बसली.

असं एक वर्ष गेलं. दहाव्या महिन्याचा पहिला दिवस आला. त्या दिवशी आमच्याकडे जिवंत माणसंही थंडीचे कपडे काढतात, उकडत असलं तरी एकदा अंगावर चढवतात, शेगडी पेटवून धुराडं ओढतंय का बघतात. हेशिआंगनं तो कोट काढून उन्हात टाकला. संध्याकाळी सगळे चौकात जमलो. प्रत्येक घराचं राखेचं कुंडाळं, त्याला थडग्याच्या दिशेला दार सोडलेलं. वहिनी नवऱ्याचे कपडे जाळत होत्या. तेवढ्यात त्यांची नणंद खेड्यावरून आली, काखेत एक पुडकं. कोणाला काही न विचारता तिनं ते आगीवर ठेवलं आणि गळा काढला.

"शुआनहू रे बाळा! ये, कपडे घेऊन जा!"

अख्खा चौक तिच्याकडे वळला. जिवंत माणसाचं नाव घालून कपडे जाळले आणि वर हाक मारली, तर तो जातो. कुठेही असो, त्याला जावंच लागतं. हे आम्हाला शिकवावं लागत नाही.

हेशिआंगनं आगीत हात घातला. उघडा हात. पुडकं ओढून बाहेर काढलं, पायांनी तुडवून विझवलं, आणि मग आमचं लक्ष गेलं. कागदी कोटाची एक बाही जळून गेली होती.

"अगं, वर्ष उलटलं," नणंद रडत म्हणाली. "पोरगं तिकडे उघडं कुडकुडतंय आणि तुम्ही दोघी त्याला चिंधीसुद्धा पाठवत नाही! असल्या कसल्या गं बायका तुम्ही?"

"आत्याबाई," हेशिआंगचा आवाज अगदी हळू होता, "पुन्हा त्याचं नाव इथे घेतलंत, तर हीच आग तुमच्या केसांना लावीन."

म्हातारी तशीच उठली आणि गेली. ती काही वाईट बाई नव्हती. भाच्याच्या मायेनंच आली होती. वहिनी मात्र त्या एका बाहीच्या राखेकडे बघत बसल्या होत्या.

काही दिवसांनी सकाळी त्या वाडगा घेऊन टोफू न्यायला आल्या. मी वाडगा भरला तरी घेईनात.

"लामेई, तो आला होता."

"कोण?" मी विचारलं.

"दारात उभा. आत ये म्हटलं तर येईना. म्हणाला, आई, एक हात ऊबेत आहे."

मी पळी खाली ठेवली. "वहिनी, मनी वसे ते स्वप्नी दिसे. दुसरं काही नाही."

"माझ्या मनात तर तो जिवंत आहे गं. मग स्वप्नात असा का आला?"

त्या दिवसापासून मी भिंतीला पाठ लावून बसायचं बंद केलं.

तो हिवाळा आणि पुढचा उन्हाळा त्यांनी कसा काढला त्यांनाच ठाऊक. हसणं गेलं, गिऱ्हाइकांना टोचणं गेलं. एकदा कापूस पिंजता पिंजता मला म्हणाल्या, "जाळला आणि तो जिवंत असला, तर मी आई असून मारला. नाही जाळला आणि तो तिकडे असला, तर मी आई असून गारठवला. गावभरच्या मुडद्यांना मी कापूस घालते, लामेई. एकट्या त्यालाच नाही." इकडे आड, तिकडे विहीर, आणि बाई मध्ये उभी.

हेशिआंग सासूवर डोळ्यांत तेल घालून पहारा करायची. वहिनींना अक्षरं यायची ती फक्त पुडक्यांवर घालायची नावं, म्हणजे गावातल्या मेलेल्यांची. मुलाचं नाव त्यांनी कधी लिहिलंच नव्हतं, पण हात कधी वळेल याचा काय नेम? सुनेनं शाईची दौत स्वतःच्या खोलीत नेऊन ठेवली. लागेल तेव्हा मागायची, नाव सांगायचं, तिच्यासमोर लिहायचं. माहेरचे न्यायला आले तेव्हा तिनं त्यांना जेवायला घातलं आणि परत पाठवलं. मी तिला जरा घाबरूनच असायची.

पुन्हा नववा महिना आला. एका दुपारी भिंतीपलीकडून तिचा आवाज चढला, म्हणून मी गेले. टेबलावर निळ्या कागदाचा कोट पसरलेला. कापूस जाड भरलेला, टाका अगदी बारीक. हेशिआंग बोट रोखून उभी.

"हा कोणाचा, आई?"

"गिऱ्हाइकाचा."

"कोणत्या गिऱ्हाइकाचा डावा खांदा असा उतरता आहे?"

हेशिआंगनं कोट फाडायला उचलला. दोन्ही मुठींत धरला आणि हात तसेच राहिले. त्याच्या खांद्याचा कोट फाडायचा म्हणजे तरी काय? तिनं तो परत ठेवला आणि मटकन बसली. तिच्या तळव्यावर गेल्या वर्षीचा भाजल्याचा डाग चकाकत होता.

"याच्यावर मी नाव घालणार नाही," वहिनी म्हणाल्या. "हा कुंडाळ्याबाहेर जाळायचा."

कुंडाळ्याबाहेर सगळेच चार कपटे जाळतात. ते बेवारशांचे. ज्यांना घर नाही, थडगं नाही, हाक मारणारं कोणी नाही, ते भोवती उभे असतात. त्यांना काही दिलं नाही तर आतल्यांचं ओढून नेतात. पण तो तुकडा फेकल्यासारखा, उरल्यासुरल्या कागदाचा. चांगला कोट कोणी बाहेर जाळतं?

"बाहेरच्याला नाव लागत नाही," वहिनी समजावू लागल्या. "तो तिकडे असलाच, तर त्याला कुठलं थडगं आणि कुठलं दार? तो बाहेरच्यांतच उभा असणार. आपला खांदा तो ओळखेल. आणि तिकडे नसला, तर असेल कोणी वाकड्या खांद्याचा, तो घालेल. त्यात आपल्या पोराचं काय जातं?"

हेशिआंगनं कोटाची बाही नीट केली. "हाक मारायची नाही," ती शेवटी म्हणाली.

"नाही मारणार."

"ओठांतल्या ओठांतही नाही."

"त्याचा मात्र भरवसा देत नाही, बाई," वहिनी म्हणाल्या. "आईचं तोंड आहे. आग दिसली की उघडेल." मग माझ्याकडे वळल्या. "लामेई, तुझ्याकडे तो वाळवलेला टोफू असतो ना, दगडासारखा? एक मोठा तुकडा दे. तोंडात कोंबते. भरल्या तोंडानं कशी मारीन हाक?"

दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर मी हसले असते. मी बरणीतला सगळ्यात मोठा तुकडा निवडून ठेवला.

सणाच्या संध्याकाळी वारा पडला होता. वहिनींनी आधी कुंडाळ्यात नवऱ्याचे कपडे दिले, त्याच्याशी बोलल्या, मुरलेल्या भाजीची वाटी ठेवली. मग तुकडा तोंडात घातला. गाल फुगला. निळा कोट घेऊन त्या राखेच्या रेघेबाहेर गुडघे टेकून बसल्या. एका बाजूला हेशिआंग, एका बाजूला मी. मला यायचं नव्हतं. पण त्यांनी माझी बाही धरून ठेवली होती.

कागदानं पेट घेतला. कापूस असला की कोट लगेच जळत नाही, आधी फुगतो. आतून गरम हवा भरली आणि कोट जमिनीवरून उठून बसला, कोणीतरी आत हात घालावा तसा. उजवा खांदा वर, डावा खाली. मी डोळे मिटायला हवे होते, पण मिटलेच नाहीत. वारा नव्हता तरी त्याची बाही आमच्या बाजूला वळली.

वहिनींच्या घशातून आवाज यायला लागला. शब्द नव्हे, नुसता घोगरा आवाज, तुकड्याच्या मागून ढकलत येणारा. जबडा हलू लागला. हेशिआंगनं झटकन त्यांच्या हनुवटीखाली एक हात आणि डोक्यावर दुसरा हात ठेवून तोंड दाबून धरलं. सासूच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, सुनेच्याही. मी मनातल्या मनात भलतंच काहीतरी पुटपुटत होते, टोफूचे भाव, नवऱ्याचं नाव, काहीही, फक्त ते एक नाव माझ्या मनात येऊ नये म्हणून. कोट खाली बसला. राख झाली. हाक कोणी मारली नाही.

त्यानंतर वहिनींच्या स्वप्नात तो आला नाही. दोन्ही हात ऊबेत असतील म्हणून, की मुळात तिकडे नाहीच म्हणून, ते कोणी विचारलं नाही. दर वर्षी तसंच चालू राहिलं. सकाळी हेशिआंग खरा कोट उन्हात टाके, जुना कापूस काढून नवा भरी. संध्याकाळी कागदी कोट बाहेर जळे, आणि माझ्या बरणीतला तुकडा वहिनींच्या तोंडात. पुढे पुढे गल्लीतले इतर लोकही बेवारशांसाठी कपट्यांऐवजी चांगला कोट नेऊ लागले. "एक बाहेरचा द्या, वहिनी," एवढंच म्हणायचे. माप कोणी सांगत नसे. वहिनी सगळ्यांचे डावे खांदे उतरते कापायच्या.

या वसंतात वहिनी गेल्या. दुपारी खळ ढवळता ढवळता बसल्या आणि उठल्याच नाहीत. हेशिआंगनं त्यांना नवे कपडे घातले, पेटीत निजवलं. मी उदबत्त्या लावत होते. पेटीवर झाकण बसवायच्या आधी ती वाकली, सासूच्या कानाला तोंड लावलं. तिला वाटलं मी लांब आहे.

"आई, आता तुम्हाला कळेल. तो तिथे असला तर माझ्या स्वप्नात या आणि सांगा. नसला तर येऊ नका. कधीच येऊ नका."

मी उदबत्त्या तशाच खोचल्या आणि मागे सरले.

तेव्हापासून ती पोर झोपायला भिते. सकाळी वाडगा घेऊन येते, डोळे खोल गेलेले, आणि हळूच म्हणते, "नाही आल्या, काकी." आणखी एक दिवस पदरात पडल्यासारखा तिचा चेहरा होतो. मग ती दुकान उघडते, कापूस पिंजते. आता गिऱ्हाइकांना तीच टोचून बोलते, अगदी सासूसारखी. मी तिच्याकडे बघून म्हणायची, चला, आजचा दिवस निभावला.

परवा दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, मी दुकानातच स्टुलावर पेंगले. यिनहुआ वहिनी समोर उभ्या. नखांत खळ, बाह्या दुमडलेल्या. मी म्हटलं, "वहिनी, वाडगा कुठे आहे?" त्यांनी वाडगा आणला नव्हता. नुसता हात पुढे केला, तसाच, दर वर्षी त्या संध्याकाळी करायच्या तसा. मी बरणी उघडून मोठा तुकडा दिला. त्यांनी तो तोंडात कोंबला आणि भिंतीपलीकडे बघत उभ्या राहिल्या. तिकडे हेशिआंगची कात्री चालू होती. गाल फुगलेला, डोळे भरलेले. मी जागी झाले तरी कात्री चालूच होती.

तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. तो त्यांना तिकडे भेटला नसेल, आणि आपल्या तोंडून हाक जाऊन तो इकडून ओढला जाऊ नये, म्हणून त्या अजून तोंड बंद ठेवत असतील. नाहीतर तो भेटला असेल, सुनेनं तर सांगायला बोलावलंय, आणि आईला ते सांगवत नसेल. दोन्हीला तोंड भरलेलंच लागतं. आणि माझ्याकडेच का आल्या? मी तर सगळ्यांत भित्री.

आज सकाळी हेशिआंग आली. परवावर सण आहे, तिच्या बोटांना निळा रंग लागला होता. "नाही आल्या, काकी," ती म्हणाली. मग वाडगा उचलता उचलता थांबली.

"तुमच्या तर नाही ना आल्या?"

ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मी बरणीत हात घातला, एक तुकडा काढला आणि तोंडात कोंबला.